पाणी पिणारी फरशी, हवा खाणारी फरशी!

ए दोस्ता, जरा खाली बघ! अंहं, वहीत नाही. आणखी खाली. पायाखाली!

तुझ्या येवल्यात कुणाचं तरी जुनं घर असेल. आजीच्या वयाचं, नाहीतर तिच्याहूनही म्हातारं. तिथं कदाचित तुला रंगीत नक्षीची फरशी सापडेल. लाल पाकळ्या, पिवळी चौकट, मधे हिरवी चांदणी. चार फरश्या शेजारी शेजारी बसवल्या की एक मोठ्ठं फूल तयार! आज हिचीच गंमत ऐक.

पहिलं कोडं. हे फूल फरशीवर कशानं रंगवलं असेल? ब्रशनं?

चूक! ते रंगवलेलंच नाही!

तू येवल्याचा दोस्त, म्हणजे पैठणी तुला काही नवी नाही. तिच्या पदरावरचा मोर सुईदोऱ्यानं वरून भरलेला नसतो. माग चालता चालता तो कापडातच विणला जातो. म्हणून तर पदर उलटा करून पाहिला तरी मोर आहेच! या फरशीचं फूलही तसंच. वरून लावलेलं नाही, अंगातच मुरलेलं.

ते कसं करतात माहीत आहे? आधी घ्यायची एक लोखंडी चौकट. तिच्यात ठेवायचा पितळी पट्ट्यांचा साचा. हा साचा अगदी मिसळणाच्या डब्यासारखा, कप्प्याकप्प्यांचा! फक्त कप्पे पाकळीच्या नि पानाच्या आकाराचे. पाकळीच्या कप्प्यात लाल सिमेंटचं पातळ मिश्रण ओतायचं. पानाच्या कप्प्यात हिरवं. मग साचा हलक्या हातानं वर उचलायचा. हात थरथरला की पाकळी बिघडली!

त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवायचं. मग वाळू-सिमेंटचा जाड थर घालायचा आणि यंत्राखाली जोरात दाबायचं. झाली फरशी! तिच्या रंगाचा थर 3 ते 5 मिलिमीटर जाड असतो. त्यामुळे किती वर्षं पाय घासले, किती खुर्च्या सरकल्या, तरी फूल जागच्या जागी. उलट चालून चालून ती आणखी गुळगुळीत होते!

आणि तो लाल रंग कशाचा, ओळख बघू? लोखंड आणि प्राणवायू एकत्र येऊन तो बनतो. म्हणजे तुझ्या सायकलवर चढणाऱ्या गंजाचा हा सख्खा भाऊ! सायकलवर नकोसा, फरशीत हवाहवासा. उन्हानं तो विटत नाही.

आता दुसरं कोडं. फरशी ओली आहे. ती टणक कशी करायची? विटेसारखी भट्टीत भाजायची?

अजिबात नाही! तिला चक्क पाण्यात बुडवून ठेवायचं!

कायऽऽ? ओली फरशी आणखी ओली? हो! कारण सिमेंट वाळून टणक होत नाही. ते पाणी पिऊन टणक होतं! पाणी मिळालं की त्यातून अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारे स्फटिक वाढू लागतात. ते एकमेकांत गुंतत जातात. मैदानावर सगळ्यांनी हातात हात घट्ट गुंफले की साखळी तुटत नाही ना? तसंच! प्यायलेलं पुष्कळसं पाणी त्या साखळीतच कायमचं राहतं. नवं घर बांधताना रोज स्लॅबवर पाणी मारतात, ते याचसाठी.

म्हणजे फरशीवर पाय ठेवलास की तुझ्या पायाखाली बंदिस्त पाणी असतं!

पूर्वी अशा फरश्या युरोपातून बोटीनं यायच्या. मग 1922 साली फिरोझशा सिधवा आणि त्यांचा पुतण्या रुस्तम सिधवा यांनी मुंबईत ‘भारत फ्लोअरिंग्ज’ ही कंपनी काढली. ते दिवस स्वदेशीचे होते. आपल्या देशाला लागणारी वस्तू आपणच बनवायची, अशी जिद्द होती. कापडासाठी चरखा, तशी घरासाठी स्वदेशी फरशी! शंभर वर्षं उलटली, तरी ही कंपनी आजही नक्षीच्या फरश्या बनवते.

थांब, अजून संपलं नाही! आता भेटूया हवा खाणाऱ्या फरशीला. तिचं नाव लिनोलियम. ही गुंडाळी करून ठेवता येते, चटईसारखी! 1950च्या आसपास युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत ती अंथरलेली असायची. ठिपक्यांची, चौकटींची, फुलांची, झगझगीत रंगांची.

ती कशाची बनते, सांग? प्लॅस्टिकची? छे! जवसाच्या तेलाची! हो, भाकरीबरोबर ज्याची चटणी खातात, तोच जवस!

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन नावाचा एक संशोधक होता. त्याला रंगाच्या डब्यात एक लवचीक पापुद्रा दिसला. दुधावर साय धरते ना, तसा. त्या काळी रंगात जवसाचं तेल घालत. उघड्यावरचं ते तेल हवेतला प्राणवायू खाऊन रबरासारखं घट्ट झालं होतं!

दुसऱ्या कुणी तो पापुद्रा काढून फेकला असता. वॉल्टननं विचार केला, याची फरशी का करू नये? 1863 साली त्यानं लिनोलियमचं पेटंट घेतलं. घट्ट तेलात राळ, बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा, लाकडाचा भुसा आणि रंग घालायचे. मग हे सारं जड रुळांखाली तागाच्या कापडावर लाटायचं. आणि ताग कुठला? त्या काळी तो बहुतेक आपल्या बंगालमधून जायचा!

पुढे प्लॅस्टिकच्या स्वस्त फरश्या आल्या आणि लिनोलियम मागं पडलं. पण संपलं नाही. स्कॉटलंडमध्ये ते आजही बनतं.

आपल्याकडे घरोघरी आणि शाळांत आली मोझॅकची फरशी. सिमेंटमध्ये संगमरवराचे रंगीत तुकडे घालून, वरून मशीननं घासलेली. तीही पाणी पिणाऱ्यांच्याच घराण्यातली!

आता तुझ्यासाठी काम. घर, शाळा, देऊळ, जुनं दुकान, सगळीकडच्या फरश्या बघ. नक्षीची सापडली तर वहीत तिचं चित्र काढ. किती रंग, किती कप्पे, मोज. घरच्या मोठ्यांना विचार, ती कधी बसवली?

आणि एक नीट लक्षात ठेव. सिमेंटच्या फरशीला आम्ल खातं. तिच्यावर लिंबू सांडलं तर लगेच पूस, आणि ती ॲसिडनं कुणाला धुऊ देऊ नकोस. साधं पाणी पुरे. कुणी ‘जुनी झाली, उखडून टाका’ म्हणालं, तर त्यांना सांग, ‘थांबा! हिचा रंग अजून खोलवर शिल्लक आहे!’