जठरांत्र रक्तस्राव : धोक्याचे मूल्यमापन

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या पचनमार्गात होणाऱ्या रक्तस्रावास जठरांत्र रक्तस्राव म्हणतात. अन्ननलिका, जठर व ग्रहणी (लहान आतड्याचा आरंभीचा भाग) यांतील स्रावास ऊर्ध्व रक्तस्राव अशी संज्ञा असून प्रस्तुत नोंदीत त्याचाच विचार केला आहे. लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी वांती आणि डांबरासारखा काळा, चिकट व दुर्गंधीयुक्त मल ही त्याची प्रमुख लक्षणे होत. लोहाच्या गोळ्यांमुळेही मल काळा होतो; मात्र त्यास तसा चिकटपणा व दुर्गंधी नसते.

कारणे : पचनज व्रण हे प्रमुख कारण असून हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग आणि ॲस्पिरीन व तत्सम वेदनाशामकांचे सेवन यांमुळे हे व्रण उद्‌भवतात. यकृत सूत्रण रोगात अन्ननलिकेतील फुगलेल्या नीला फुटून होणारा स्राव विशेष घातक असतो.

मूल्यमापन : कोणत्या रुग्णास तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावयाचे व कोणास घरी पाठविता येईल, हे आरंभीच ठरविणे म्हणजे धोक्याचे मूल्यमापन होय. केवळ हीमोग्लोबिनावर विसंबणे योग्य नसते. कारण प्रारंभी रक्तपेशी व रक्तद्रव एकाच प्रमाणात वाहून जात असल्याने हीमोग्लोबिनाचे प्रमाण काही तास जवळजवळ पूर्वीइतकेच राहते. उलट, आतड्यात रक्तातील प्रथिनांचे पचन झाल्याने व मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटल्याने रक्तातील यूरिया वाढतो.

१९९६ मध्ये मांडलेल्या रॉकॉल पद्धतीच्या पूर्ण रूपात अंतर्दर्शनाचे (नळीवाटे पचनमार्ग आतून पाहण्याचे) निष्कर्ष लागतात. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लासगो-ब्लॅचफर्ड पद्धतीत त्यांची गरज नसते. तीत यूरिया, हीमोग्लोबिन, हृदयाच्या आकुंचनकालीन रक्तदाब, नाडी, काळा मल, मूर्च्छा, यकृतविकार व हृद्‌निष्फलता यांना मिळून ० ते २३ गुण दिले जातात. गुण ० किंवा १ असल्यास सामान्यतः रुग्णास दाखल न करता बाह्यरुग्ण म्हणून उपचार करता येतात. ही पद्धती वैद्याच्या निर्णयास साहाय्यक आहे, पर्याय नव्हे.

महाराष्ट्रात तिचा वापर करताना एक दक्षता घ्यावी लागते. हीमोग्लोबिन दर १०० मिलि. रक्तात १० ग्रॅमपेक्षा कमी असल्यास एकदम ६ गुण मिळतात. पांडुरोग (रक्तक्षय) येथील स्त्रियांत फार आढळत असल्याने अल्प स्रावातही गुण फुगतात. पूर्वीचा अहवाल उपलब्ध असल्यास तुलना करावी. नसल्यास मात्र धोका अधिक आहे असेच धरून चालावे.

ग्रामीण भागातील महत्त्व : कोल्हापूरपासून सु. २० किमी. अंतरावर गडावर वसलेल्या पन्हाळ्यासारख्या गावी हा निर्णय निर्णायक ठरतो. आपत्कालीन अंतर्दर्शन व पुरेसा रक्तसाठा सामान्यतः जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ता खचून वाहतूक बंद पडली होती. अशा वेळी निर्णयातील विलंब अधिकच महाग पडू शकतो. समजा, अंगदुखीसाठी नेहमी गोळ्या घेणाऱ्या एखाद्या शेतमजुरास काळा मल होऊन मूर्च्छा आली, नाडी मिनिटास १०४ व आकुंचनकालीन रक्तदाब ९६ मिमी. आढळला, तर नाडीचा १, रक्तदाबाचे २, काळ्या मलाचा १ व मूर्च्छेचे २ असे ६ गुण रुग्णशय्येपाशीच होतात. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी न थांबता त्यास हलविणे इष्ट असते. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

हलविण्यापूर्वी शिरेत रुंद सुई बसवून द्रव सुरू करतात, रक्तगट तपासतात व तोंडाने काहीही देत नाहीत. नीलास्रावाचा संशय असल्यास रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध व प्रतिजैविक लगेच देतात. प्रकृती स्थिरावल्यावर २४ तासांच्या आत अंतर्दर्शन करतात. स्थिर रुग्णास सामान्यतः हीमोग्लोबिन ७ ग्रॅमखाली गेल्यावरच रक्त देतात. हृद्‌रोग असल्यास ही मर्यादा अधिक ठेवतात.

वृद्ध व हृद्‌रोगी यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे नाडी मंद राहून स्राव झाकला जातो, तर तरुण व्यक्तीचा रक्तदाब बरेच रक्त जाईपर्यंत टिकून राहतो व नंतर एकाएकी कोसळतो. यास्तव एकदा मोजलेल्या नाडीवर व रक्तदाबावर समाधान न मानता त्यांची वारंवार नोंद घेणे हा या मूल्यमापनाचा अविभाज्य भाग होय.