कॉइलची शेगडी

दुरुस्तीवाल्याने जळकी कॉइल माझ्या तळहातावर ठेवली. वाटीच्या तोंडाएवढा घेर, तांब्याच्या तारेचे वेढे एका बाजूने सुटून विस्कटलेले, कड काळीठिक्कर, आणि जळलेल्या वार्निशचा वास अजून तसाच. आदल्या रात्री मिरवणुकीत उडालेल्या 18 इंची बेसमधली ती कॉइल. "स्पीकर आठशेचा, अँप पाचशेचा. तरी जळाला," तो म्हणाला. त्याच्या दुकानात अशा कॉइलींनी बादली भरली होती. गणपती झाले की दरवर्षी भरते.

लहान अँपने मोठा स्पीकर कसा जळतो? त्यासाठी आधी एक आकडा. बेसच्या चांगल्या स्पीकरला 100 वॅट वीज दिली, तर त्यातले जेमतेम चार वॅट आवाज होऊन बाहेर पडतात. उरलेल्या 96 वॅटची उष्णता होते. आपण जिला आवाजाची भिंत म्हणतो, ती हिशेबाने शेगड्यांची भिंत आहे. स्वयंपाकघरातल्या विजेच्या शेगडीत कॉइल असते, इथेही कॉइलच. फक्त ही बंद पेटीत तापते.

चार टक्के थोडे वाटतील. पण साधं बोलताना माणसाच्या तोंडून सुमारे 10 मायक्रोवॅट आवाज निघतो. एक वॅट आवाज हवा असेल तर एक लाख माणसं एकदम बोलायला हवीत. हजार वॅट खाणारा बेस 40 वॅट आवाज देतो, म्हणजे 40 लाख माणसांच्या बोलण्याइतकी ताकद एका पेटीतून. इतकी वर्षं हे काम जवळून बघतोय, तरी हा आकडा मांडला की मी थक्क होतो.

आता उरलेले 960 वॅट. कॉइलमध्ये वीस ग्रॅम तांबं आहे असं धरा. ही सगळी उष्णता तिथेच कोंडली, तर तापमान सेकंदाला सुमारे 125 अंशांनी चढेल. भजी तळायचं तेल 180 अंशांच्या आसपास असतं. कॉइल तिथे दीड सेकंदाच्या आत पोचेल. प्रत्यक्षात कॉइलभोवतीच्या, मिलिमीटरहूनही अरुंद फटीतली हवा ही उष्णता मॅग्नेटच्या लोखंडाकडे नेते, स्पीकरचा पडदा, म्हणजे कोन, हलतो तशी हवाही खेळते, म्हणून स्पीकर तग धरतो. पण अडीचशे-तीनशे अंशांकडे गेल्यावर गोंद सुटू लागतो, वेढा ढिला होतो, फटीत घासतो आणि खेळ संपतो.

त्याआधी एक गोष्ट घडते, आणि माझ्या मते स्पीकर मरतात ते तिथेच. तांबं तापलं की त्याचा अवरोध वाढतो. 250 अंशांना तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे अँप तेवढाच ठेवला तरी स्पीकर निम्मीच वीज घेतो आणि आवाज काही डेसिबलने बसतो. ऑपरेटरला वाटतं, बेसची धमक गेली. समोरची पोरं ओरडतात, "दादा, अजून जरा!" तो मास्टर वर सरकवतो. स्पीकर दमला म्हणून बसला होता, त्याच्या पाठीवर आणखी ओझं पडतं.

आणि अँपची झेप तर आधीच संपलेली असते. मग लाटेचं डोकं सपाट छाटलं जातं, क्लिपचा लाल दिवा लागतो. गोलाईदार लाट पूर्ण छाटून चौकोनी झाली की तिच्यातली शक्ती दुप्पट होते. पाचशेचा अँप तेव्हा हजार वॅट ओतत असतो. तळहातावरच्या त्या कॉइलचं उत्तर हेच. लाल दिवा अधूनमधून लुकलुकला तर चालतं. तो पेटून राहिला, तर तो शेगडीचा दिवा समजावा.

वाजतंय काय, यावरही बरंच असतं. ढोलाच्या दोन ठोक्यांमध्ये कॉइलला श्वास घ्यायला उसंत मिळते. सायरनसारखा ताणलेला सूर किंवा दाबून सपाट केलेलं रिमिक्स ती उसंत देत नाही. म्हणून लिमिटर लावताना फक्त क्षणाचा फटका अडवून भागत नाही. काही सेकंदांची सरासरी धरून आवाज खाली घेणारा लिमिटरही हवा.

उष्णतेखेरीज मार असतो तो हालचालीचा. 50 हर्ट्झला कोन पुढे 10 आणि मागे 10 मिलिमीटर हलत असेल, तर वळणाच्या टोकाला त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या शंभर पट त्वरण येतं. 200 ग्रॅमच्या कोनाला जणू 20 किलोंचा हिसका, सेकंदाला शंभर वेळा. तेवढाच आवाज 25 हर्ट्झला काढायचा तर हालचाल चौपट लागते, 40 मिलिमीटर. इतकं कोन हलूच शकत नाही, तो फाटतो. 30-35 हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं तर ऐकणाऱ्याचं फारसं काही जात नाही, स्पीकर मात्र वाचतो.

खरी युक्ती पेट्यांच्या संख्येत आहे. एका बेसशेजारी दुसरा ठेवला आणि दोघांना तोच सिग्नल दिला, तर तेवढ्याच आवाजाला प्रत्येकाला एक चतुर्थांश वीज पुरते. चार पेट्या एकत्र ठेवल्या तर प्रत्येकीला सोळावा हिस्सा. 50 हर्ट्झची लाट सात मीटर लांब असते, म्हणून खेटून ठेवलेल्या पेट्या तिच्यासाठी एकच होतात.

अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडने 1973 च्या फेब्रुवारीत स्टॅनफर्डच्या मेपल्स पॅव्हिलियनमध्ये नवी यंत्रणा लावली, आणि पहिल्याच गाण्याला काही सेकंदांत ट्विटर, म्हणजे उंच सुरांचे छोटे स्पीकर, जळून गेले. पुढच्या वर्षी त्यांनी 'वॉल ऑफ साउंड' उभी केली: सुमारे 600 स्पीकर, 26 हजारांहून जास्त वॅट. भागाकार करा, दर स्पीकरला सरासरी पन्नास वॅटच्या आतच येतात.

तीन डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट किंवा निम्मी. कानाचा हिशेबही याच तीन डेसिबलवर चालतो. 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला पाव तास. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या पेशी पंधरा-सोळा हजारच असतात. त्या गेल्या की नव्या येत नाहीत. कॉइलचं तसं नाही, ती बदलून मिळते. स्पीकरसमोर खांद्यावर बसवलेलं मूल दिसलं की मला कॉइल आठवत नाही.

गेल्या विसर्जनाला एका ओळखीच्या ऑपरेटरशेजारी उभा होतो. लाल दिवा पेटलेला. "तीन डेसिबल खाली घे," मी म्हटलं. "पोरं मारतील," तो म्हणाला. तरी एका गाण्याच्या शेवटी, पुढचं लावता लावता, त्याने मास्टर तेवढा खाली ओढला. वीज निम्मी झाली, उष्णता निम्मी झाली, दिवा विझला. आम्ही दोघं समोर बघत राहिलो. एकही पोरगं नाचायचं थांबलं नाही.