झिजलेली किल्ली, ढिलं कुलूप
जुनी जीप सांभाळताना : लेखांक ९

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा आणि इग्निशनमधली किल्ली हलकेच बाहेर ओढून बघा. ती न अडता हातात आली, तर आजचा लेखांक तुमच्यासाठी आहे. बॅटरी आणि वायरिंग गेल्या दोन आठवड्यांत पाहून झालं. आज त्या वायरिंगच्या तोंडाशी बसलेला स्विच, त्याची किल्ली आणि त्या किल्लीवर आपण टाकलेला जरा जास्तच विश्वास.

जीप आणि कुलूप यांचं नातं मुळातच पातळ आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुरुवातीच्या विलीज जीपना किल्ली होती, पण सगळ्यांना एकाच नंबरची, एच-७००. पुढे तीही काढून टाकली आणि नुसता फिरवायचा खटका बसवला. रणांगणावर किल्ली शोधत बसायला कुणाला वेळ नव्हता. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला जोडणी सुरू केली ती याच घराण्यातल्या जीपची. त्यामुळे एमएम ५४०, मेजर यांसारख्या आपल्याकडच्या गाड्यांतही कापडी हूड, बाहेरच्या खटक्यांवर अडकवलेलं बॉनेट आणि डॅशबोर्डवरचा स्विच ही जुनी ठेवण टिकून राहिली. दाराला कुलूप नाही, स्टिअरिंगला कुलूप नाही. सगळी भिस्त त्या एका किल्लीवर.

किल्ली झिजते म्हणजे काय होतं

गाडीच्या कुलपात घराच्या लॅचसारख्या गोल पिना सहसा नसतात. त्यात चपट्या पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीमागे बारीकशी स्प्रिंग. किल्ली नसताना या पट्ट्या मधल्या नळीतून बाहेर डोकावतात आणि नळी फिरू देत नाहीत. योग्य किल्ली आत गेली की तिच्या खाचा प्रत्येक पट्टीला नेमक्या उंचीवर आणतात, सगळ्या पट्ट्या नळीच्या आत येतात आणि किल्ली फिरते. एका खाचेची उंची दुसरीपेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने वेगळी असते. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत किल्लीचे उंचवटे केसभर जरी झिजले, तरी कुलपाचा हिशेब बिघडू लागतो. आधी किल्ली जरा वर उचलून फिरवावी लागते, मग जरा बाहेर ओढून, आणि शेवटी ती युक्ती घरात एकालाच जमते.

झिजतात दोघंही, किल्ली आणि पट्ट्या. पट्ट्याही गुळगुळीत झाल्या की कुलूप उलट्या दिशेने बिघडतं. जी फिरू नये ती किल्लीही फिरते, कधी साधा स्क्रू ड्रायव्हरही. किल्ली सहज लागते म्हणून मालक खूश असतो, तेव्हाच कुलूप निकामी झालेलं असतं.

झीज वाढवणाऱ्या दोन सवयी टाळता येतात. पहिली, किल्लीला घराच्या, गोदामाच्या, कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा अडकवणं. जीपच्या हादऱ्यांनी तो जुडगा दिवसभर कुलपात किल्ली घासत राहतो. दुसरी, कुलूप अडलं की त्यात इंजिन ऑइल सोडणं. उघड्या जीपमध्ये धूळ येणारच, आणि कोकणातल्या लाल मातीचा कण बारीक असतो. तेलात तो मिसळला की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करतो. कुलपात तेलाऐवजी ग्राफाइटची कोरडी पूड घालावी, तीही चिमूटभर.

डुप्लिकेट कशावरून काढायची

रस्त्याकडेच्या चावीवाल्याचं मशीन फार प्रामाणिक असतं. त्याची एक बाजू जुनी किल्ली चाचपते आणि दुसरी बाजू कोऱ्या किल्लीवर तेच कापते. जुनीची झीजही नवीत उतरते, वर मशीनची स्वतःची थोडी चूक. अशा डुप्लिकेटची डुप्लिकेट काढत गेलं, तर तिसऱ्या पिढीची किल्ली मूळ कुलपाची उरत नाही.

म्हणून आधी घरात शोधा. गाडीबरोबर मिळालेली दुसरी किल्ली कपाटात न वापरता पडून असेल, तर नमुना म्हणून तीच द्या. किल्लीवर, तिच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर किंवा कुलपाच्या अंगावर नंबर कोरलेला असेल, तर त्या नंबरावरून मूळ मापाची किल्ली कापता येते. काहीच नसेल, तर कुलूप काढून पट्ट्यांच्या उंचीवरून किल्ली घडवणारा कारागीर गाठा. कुलूप न काढताही हे जमणारे जुने लोक आहेत. ते कोऱ्या किल्लीला काजळी धरतात, ती कुलपात हलवून बघतात आणि जिथे पट्टीची खूण उमटते तिथे कानस चालवतात.

स्विच बदलताना

पट्ट्याच गेल्या असतील तर नवी किल्ली उपयोगाची नाही. डॅशबोर्डवरचा जुना स्विच बदलणं अवघड नसतं, पण आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि स्विचमागच्या तारांचा फोटो घ्या. बॉश पद्धतीच्या स्विचवर ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी तार, १५ म्हणजे इग्निशनची आणि ५० म्हणजे स्टार्टरची. जुन्या वायरिंगमध्ये रंगांवर विसंबू नका. मधल्या कुणा वायरमनने हाताशी होती ती तार लावलेली असते.

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला सुटे भाग घेताना एक परीक्षा करा. त्याच कंपनीच्या स्विचची दोन-तीन पाकिटं उघडायला सांगा आणि एकाची किल्ली दुसऱ्यात लावून बघा. लागली, तर तो स्विच गाडी चालू करायला ठीक आहे, राखायला नाही.

कुलूप ठीक, पण गाडी तरीही जाते

इथे मुख्य मुद्दा येतो. कुलूप दुरुस्त करणं आणि चोरी रोखणं ही दोन वेगळी कामं आहेत. एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या आराखड्याचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन असतं. त्याचा इंधनपंप यांत्रिक आहे. इंजिन गरम असेल, तर उतारावर गाडी ढकलून गिअर टाकला की ते किल्लीशिवायही सुरू होतं, आणि बंद करायला किल्ली नाही, स्टॉपची केबल ओढावी लागते. बॅटरीची तार तोडणारा स्विचही इथे अर्धवटच उपयोगी. बाजारातल्या लाल प्लॅस्टिक किल्लीच्या स्विचना तर बहुधा सगळ्यांना एकच किल्ली लागते.

तेव्हा इंजिनाला जे लागतं तेच अडवायचं. डिझेलमध्ये ते म्हणजे इंधन. स्टॉपची केबल ओढलेल्या अवस्थेत कुलूपबंद होईल अशी सोय फिटरकडून करून घेता येते, मग धक्का मारूनही इंजिन लागत नाही. मात्र बॉनेट उघडून ती केबल सोडवणं मिनिटाचं काम आहे, म्हणून बॉनेटच्या खटक्यांनाही छोटी कुलपं हवीत. एकावाचून दुसरं वाया. पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये आणि कार्ब्युरेटरच्या जिप्सीत काम सोपं आहे. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून खिशात टाकला की ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही. मुक्काम लांबचा असेल तर हा उपाय अजूनही चोख.

गिअर लॉक लावणाऱ्या फोर बाय फोरच्या मालकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. साध्या गाडीत गिअर रिव्हर्सला अडकवला की चाकं जखडतात. तुमच्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस आहे आणि तिच्या दांडीला न्यूट्रल आहे. ती दांडी न्यूट्रलला टाकली की गिअर लॉक तसंच राहतं आणि गाडी खुशाल ओढून नेता येते. ज्या लॉकमध्ये दोन्ही दांड्या अडकतील तेच घ्या, आणि लावताना ट्रान्सफर लो रेंजला ठेवा.

जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, पण चोरीनंतर दिशा दाखवतो. तो मोबाइल नेटवर्कवर चालतो, त्यामुळे घाटमाथ्यावरच्या एखाद्या खोऱ्यात तो गप्प बसू शकतो. बराच काळ उभ्या गाडीत तो बॅटरीही हळूहळू पितो.

कागद

थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही, आणि अनेक जुन्या जीपचा विमा तेवढाच असतो. पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. म्हणून डागडुजीची बिलं आणि फोटो जपून ठेवा, किंमत ठरवताना ते कामी येतात. चोरीच्या दाव्यात विमा कंपन्या गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागतात. त्यामुळे स्विच बदलल्याचं बिल आणि कंपनीला दिलेल्या पत्राची प्रत फाइलला हवी, नाहीतर जुळत नसलेल्या किल्ल्यांचा खुलासा ऐन वेळी करावा लागतो. पुण्यातल्या एआरएआयची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवल्याचा दाखला असेल, तर मोटर टॅरिफनुसार स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के सवलत मिळते, पण कमाल ५०० रुपये.

खर्चाचा क्रम असा लावा. आधी किल्ल्यांचा जुडगा सुटा करा आणि न झिजलेल्या किल्लीवरून एक प्रत काढा. मग बॉनेटची कुलपं आणि स्टॉप केबलची सोय, मग दोन्ही दांड्यांचं लॉक. स्विच खरंच ढिला असेल तरच बदला. ट्रॅकर शेवटी. स्टेपनी आणि बॅटरी मात्र या यादीत आजच घाला. अख्खी जीप नेण्यापेक्षा त्या दोन वस्तू नेणारे जास्त, आणि त्यांना किल्लीशी काही देणंघेणं नसतं.

(पुढच्या आठवड्यात : पावसाआधी हूड, ताडपत्री आणि फ्लोअरचा गंज)