पिवळी रेषा कुणाची?

मिरजेहून अथणीच्या रस्त्याने पुढे गेले, की कृष्णा ओलांडून जमखंडी लागते. आज हे गाव कर्नाटकात आहे. पूर्वी सांगली-मिरजेप्रमाणे तेथेही पटवर्धनांचे संस्थान होते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी जमखंडीहून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ते पाहण्यासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन तेथे आले होते. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. आकाशात ढग होते. ढग विरळ झाले तेवढ्या वेळात त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा प्रकाश उपकरणात घेतला. तांबडी, नारिंगी-पिवळी आणि निळी अशा तीन ठळक रेषा दिसल्या. आपल्या उपकरणाच्या कुवतीपुरते बोलायचे तर मधली रेषा ‘डी’, म्हणजे सोडियमचीच आहे, असे त्यांनी कळवले.

ती सोडियमची नव्हती! मग हर्शेल चुकले कसे? विद्यार्थी मित्रहो, उत्तर ऐकण्यापूर्वी प्रयोग करून पाहा.

बुटांचे रिकामे खोके घ्या. त्याच्या एका आखूड बाजूला, कडेपासून २ सेंटिमीटरवर एक उभी खाच कापा. खाचेवर दाढीच्या पात्याचे दोन तुकडे समोरासमोर चिकटवून बारीक फट तयार करा. पाते शिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळा. फटीच्या बरोबर समोर, २५ सेंटिमीटरवर, पुठ्ठ्याचा पडदा बसवून त्याला डोळ्यापुरते भोक पाडा. घरी भरलेल्या जुन्या सीडीवर चिकटपट्टी दाबून ओढली, की चांदीसारखा थर निघून येतो. राहिलेल्या पारदर्शक चकतीचा कडेजवळचा तुकडा भोकावर लावा. त्यावरील चऱ्या फटीला समांतर हव्यात. एका मिलिमीटरमध्ये अशा सुमारे ६२५ चऱ्या असतात. फटीच्या भिंतीवर, फटीपासून ७ ते ११ सेंटिमीटरपर्यंत, दर अर्ध्या सेंटिमीटरला टाचणीने भोक पाडा. ही झाली मोजपट्टी.

आता खोके झाका आणि फटीसमोर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत ठेवून तीत चिमूटभर मीठ सोडा. भाताचे खारट पाणी उतू गेले की स्वयंपाकघरातील ज्योत पिवळी होते, तोच हा रंग. भोकातून पाहिले, की फटीपासून सुमारे १० सेंटिमीटरवर एक पिवळी रेषा दिसेल. हीच सोडियमची रेषा.

तिची तरंगलांबी काढू. फटीपासून रेषेचे अंतर १० आणि खोक्याची लांबी २५ सेंटिमीटर. म्हणून सीडीपासून रेषेपर्यंतचे तिरपे अंतर सुमारे २६·९ सेंटिमीटर. १० ला २६·९ ने भागून दोन चऱ्यांमधील अंतराने, म्हणजे १६०० नॅनोमीटरने, गुणा. उत्तर सुमारे ५९५ येते. खरी तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर आहे. रेषा ९·९ सेंटिमीटरवर वाचली असती, तर उत्तर ५८९ आले असते. म्हणजे वाचनात एका मिलिमीटरचा फरक पडला, की उत्तरात पाच-सहा नॅनोमीटरचा फरक पडतो.

जमखंडीला दिसलेल्या रेषेची तरंगलांबी ५८७·६ नॅनोमीटर. आपल्या खोक्यात ती सोडियमच्या रेषेपासून जेमतेम एक-तृतीयांश मिलिमीटर दूर पडेल. कुपवाडच्या मुलांबरोबर मी हा प्रयोग केला, तेव्हा पहिल्या दिवशी सर्वांच्या फटी चांगल्या मिलिमीटरभर रुंद होत्या. रेषाही तेवढीच जाड दिसली. अशा दोन रेषा शेजारी आल्या, तर एकीवर दुसरी चढणारच! दुसऱ्या दिवशी फट केसासारखी बारीक केली, तेव्हा प्रकाश मंद झाला, पण रेषा सुरेख आली.

ऑक्टोबर १८६८ मध्ये लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर नाही, हे त्यांना दिसून आले. त्या अनोळखी मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हे नाव मिळाले. पुढे १८९५ मध्ये रॅम्से यांना तो वायू पृथ्वीवरील एका खनिजात सापडला.

हर्शेल यांनी रेषेबरोबर उपकरणाची मर्यादाही नोंदवली, म्हणून पुढच्यांना शोधायला जागा राहिली. तुम्हीही वहीत तरंगलांबी लिहाल, तेव्हा शेजारी फटीची रुंदी लिहायला विसरू नका.

नंतर खोके उजळ आकाशाकडे धरा. सूर्याकडे मात्र कधीही नको. फट पुरेशी बारीक असेल, तर पिवळ्या पट्ट्यात एक काळी रेषा दिसेल. ती मिठाच्या रेषेच्याच जागी येते का, मोजून पाहा.