केगमधला दाब, तळघरातला वायू

चंदीगडमध्ये जूनचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि जानेवारीच्या पहाटे 5 च्याही खाली उतरतो. बिअरच्या केगला जोडलेला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ही दोन्ही टोकं सोसतो. 5 अंशांना त्यातला दाब साधारण 40 बार असतो, 20 अंशांना 57. सुमारे 31 अंशांपर्यंत आत द्रव आणि वायू वेगवेगळे राहतात. त्यापुढे हा भेदच उरत नाही, आणि पूर्ण भरलेल्या सिलिंडरात दाब 100 बारच्याही वर जातो. ताज्या बिअरबद्दल लिहिताना माल्ट, हॉप्स आणि यीस्टवर पानं खर्च होतात. माणसाच्या जिवावर बेतू शकते ती मात्र गॅसची बाजू, आणि इतक्या टोकाच्या हवामानात पहिलं लक्ष तिच्याकडेच द्यायला हवं.

या भागात बिअर नवी नाही. एडवर्ड डायर यांनी एकोणिसाव्या शतकात जवळच्या कसौलीला ब्रुअरी काढली ती डोंगरातल्या पाण्यासाठी आणि थंडीसाठी. पुण्यात 2009 साली ‘डूलली’ सुरू झाली आणि मराठी मुलखाला मायक्रोब्रुअरी ठाऊक झाली. आज चंदीगडच्या सेक्टर 26 मध्ये, मध्य मार्गावर ताजी बिअर मिळते. घरी बिअर बनवण्याची गोष्ट वेगळी. चंदीगडला लागू असलेला 1914 चा पंजाब अबकारी कायदा असो की महाराष्ट्राचा 1949 चा दारूबंदी कायदा, परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती बिअरला वाट मोकळी झाली, त्यामुळे तिथल्या मराठी घरांतून हा छंद उघडपणे जोपासता येतो. उपकरणं मात्र सगळीकडे सारखीच, आणि त्यांचे धोकेही.

बिअरच्या टाकीवर साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा अभ्यास जोसेफ प्रीस्टली यांनी 1767 साली लीड्समध्ये, शेजारच्या ब्रुअरीत केला. त्यातूनच पुढे सोडावॉटर आलं. टाकीच्या तोंडाशी धरलेली पेटती काडी विझते आणि वायू काठावरून खाली उतरतो, हे त्यांनी पाहिलं होतं. हवेपेक्षा तो दीडपट जड. मध्य मार्गावरच्या दुकान-कार्यालयांच्या इमारतींना तळघरं असतात, आणि गळका सिलिंडर ठेवायला तळघराइतकी वाईट जागा नाही. हिशेब करून पाहा: एक किलो कार्बन डायऑक्साइडचा साधारण 540 लिटर वायू होतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत पाच किलोचा सिलिंडर पूर्ण गळला, तर हवेत जवळजवळ दहावा हिस्सा तोच असेल. एवढ्या प्रमाणात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. आठ तासांच्या कामासाठी मान्य असलेली मर्यादा अर्धा टक्का आहे, आणि चार टक्क्यांना हवा जिवाला तत्काळ धोकादायक मानतात. मेणबत्ती विझण्याची वाट पाहू नये. ती विझेपर्यंत फार उशीर झालेला असतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारा, गजर देणारा डिटेक्टरच हवा. तळघरात कोणी कोसळलेलं दिसलं, तर मागोमाग आत धावू नये. आधी दारं उघडून मदत बोलवावी, कारण वाचवायला गेलेलाही तिथेच पडतो.

रोजच्या कटकटी बहुतेक रेग्युलेटरच्या, म्हणजे सिलिंडरचा दाब कमी करून केगला देणाऱ्या उपकरणाच्या असतात. सिलिंडर आडवा पडला, तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो, तो गोठतो आणि आतली झडप निकामी होते. म्हणून सिलिंडर उभाच, भिंतीला साखळीने बांधलेला. परदेशातून आणलेल्या रेग्युलेटरचे आटे इथल्या सिलिंडरला बसतीलच असं नाही. जोर लावून पिळू नयेत, योग्य अडॅप्टर घ्यावा. जोडातला नायलॉनचा वॉशर दर वेळी नवा घालावा. गळती शोधायला साबणाचं पाणी पुरेसं आहे: प्रत्येक जोडावर लावायचं आणि बुडबुडे पाहायचे. मग सिलिंडरची झडप बंद करून रात्रभर थांबावं. सकाळी काटा खाली आलेला दिसला, तर गळती अजून आहे.

आता चंदीगडच्या उन्हाळ्यातली खास अडचण. 4 अंशांना दर चौरस इंचाला 12 पौंडांचा दाब दिला की बिअरमध्ये नेहमीच्या एल किंवा लागरला शोभेल इतका वायू मुरतो. 20 अंशांना त्याच फेसासाठी 28 च्या आसपास लागतो. म्हणजे फ्रिज बंद पडला, दुपारची वीज गेली आणि केग तापला, की आतला दाब नळीतल्या दाबापेक्षा वर जातो आणि केग गळ्यापर्यंत भरलेला असेल तर बिअर उलटी नळीतून रेग्युलेटरमध्ये जाते. वाळलेली साखर पडद्याला चिकटते आणि रेग्युलेटर ठरलेला दाब धरेनासा होतो. इलाज सोपा आहे. नळीत एकदिशा झडप घालावी, रेग्युलेटर केगच्या वर ठेवावा आणि गॅसच्या आतल्या छोट्या नळीच्या टोकाखालीच बिअर भरावी. बिअर आत गेलीच, तर सिलिंडर बंद करून, दाब सोडून रेग्युलेटर जाणकाराकडून खोलून धुऊन घ्यावा. तसाच पुन्हा जोडू नये.

केगचं झाकण किंवा पोस्ट (नळी जोडायचं तोंड) उघडण्याआधी सुरक्षा झडप ओढून दाब पूर्ण सोडायचा, हा नियम तर कधीच मोडू नये. दाबाखाली सुटलेला पोस्ट गोळीसारखा येतो. 2012 साली अमेरिकेत, न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथच्या एका ब्रुअरीत प्लास्टिकचा केग साफ करताना फुटला आणि एक कामगार मरण पावला. केग कितीही मजबूत दिसला, तरी त्यावर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे दाब देऊ नये, आणि रेग्युलेटरविना तर सिलिंडर किंवा कॉम्प्रेसर कधीच जोडू नये.

सिलिंडरात किती वायू उरला, हे दाबाच्या काट्यावरून कळत नाही. तापमान तेच असेल, तर द्रव संपेपर्यंत काटा स्थिर राहतो. वजनच करावं आणि सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा करावं. खाण्यापिण्याच्या दर्जाचाच वायू घ्यावा. गॅस सिलिंडरांच्या नियमांवर देखरेख करणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था नागपुरात आहे, आणि असा सिलिंडर दर पाच वर्षांनी दाबचाचणीतून जायला हवा. पुढच्या खेपेस सिलिंडर भरून आणाल, तेव्हा पैसे देण्याआधी खांद्यावर कोरलेली शेवटच्या चाचणीची तारीख वाचा. तिला पाच वर्षं उलटून गेलेली असतील, तर सिलिंडर घेऊ नका.