पायमोज्यांतील ताल

संगीत कानांनीं ऐकावयाचें असतें, हें सांगावयास पंडित लागत नाहीं. परंतु ज्याचे कान कामापायीं गेले, त्यानें आपलें आवडतें भजन कशानें ऐकावें? पनवेलनजीकच्या कोन गांवीं हा प्रश्न नुसता कल्पनेंतला नाहीं. तेथील सुमारें २,४०० घरांची सोडत २०१६ सालीं मुंबईचे गिरणी कामगार व त्यांचे वारस यांच्यासाठीं काढण्यांत आली. सुती गिरण्यांच्या मागखात्यांतील आवाज १०० डेसिबलच्या आसपास असे. आठ तासांच्या कामास ८५ च्या पुढील आवाज कानांस घातक मानतात. त्या गोंगाटांत वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या माणसाची श्रवणशक्ति हळूहळू क्षीण होते. गिरणगांवांत तर चाळींचाळींतून भजनी मंडळें होतीं. तेथें टाळ कुटलेल्या माणसाला उतारवयांत टाळच ऐकूं येऊं नये, हा दैवदुर्विलास होय.

अशा वडीलधाऱ्यासाठीं घरच्या सुनेनें वा नातीनें त्याच्या आवडत्या भजनाचे पायमोजे विणले, तर निदान त्याचा ताल बोटांना कळूं शकतो. चाल विणतां येणें अवघड. ताल मात्र विणकामास सहज मानवतो. ताल आवर्तनांनीं फिरतो व समेवर परत येतो. मोजाही गोल विणला जातो व प्रत्येक फेरा आरंभस्थानीं येऊन मिळतो. शिवाय दोन्ही विद्यांस मोजदाद लागते. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलेखनांत समेस फुली व खालीस शून्य अशी खूण असते. विणणारीनें चौकटींच्या कागदावर याच खुणा मांडाव्या, कीं नमुना तयार झाला.

भजनास पुष्कळदां आठ मात्रांचा केरवा लागतो. त्याची सम पहिल्या मात्रेवर व खाली पांचव्या मात्रेवर. एका मात्रेस एक टांका धरावा. बारीक सुयांवर ६४ टांके घातले, म्हणजे एका फेऱ्यांत बरोबर आठ आवर्तनें बसतात. समेस उलटा टांका घालावा. त्याचा उंचवटा बाहेरून हातास लागतो. खालीस सुईवर धाग्याचा वेढा घेऊन पुढचे दोन टांके एकत्र विणावे. तेथें छिद्र पडतें, पण टांक्यांची संख्या कायम राहते. बाकीचे सर्व टांके सुलट. हा एक फेरा झाला, कीं दुसरा फेरा संपूर्ण सुलट घ्यावा. घोट्यावरील भाग ६० फेऱ्यांचा झाला, तर नक्षीच्या ३० फेऱ्यांत २४० आवर्तनें होतात. टाच व तळवा मात्र साधे ठेवावे, नाहींतर चालतांना उंचवटे टोंचतील.

त्रितालाच्या १६ मात्राही ६४ टांक्यांत बसतात. दादऱ्याच्या सहा किंवा झपतालाच्या दहा मात्रांस ६० टांके घ्यावे, व रूपकाच्या सातांस ६३. रूपकांत समेवरच खाली असल्यामुळें तेथें आवर्तनाचा आरंभच छिद्रानें होईल. कोनची हवा दमट. तेव्हां लोकरीपेक्षां सुती धागा बरा. मात्र सुताला लोकरीचा ताण नसतो. म्हणून वरची पट्टी एक सुलट, एक उलट अशी घट्ट विणावी.

एक टांका जरी निसटला, तरी पुढची सम चुकते. मैफलींत अशी चूक तत्काळ कानांवर येते. येथें ती पुढच्या नक्षीच्या फेऱ्यांत, उंचवट्यावर उंचवटा न आल्यानें उमगते. अशा वेळीं तेथवर उसवावें, पण चूक झांकूं नये. कारण ज्याच्यासाठीं हें विणावयाचें, तो आयुष्यभर ठेका धरून बसलेला असतो.

उंचवटा, तीन साधे टांके, छिद्र, पुन्हां तीन साधे टांके; बोट डावीकडून फिरो कीं उजवीकडून, क्रम तोच. मोजे पायांत चढविल्यावर म्हाताऱ्याचें बोट धरून पहिल्या समेवर ठेवावें. पुढचें तो स्वतः मोजील.