तार कोणती घ्यावी? वीजवहनाचा हिशेब

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व ठाणे परिसराची वीज गेली आणि लोकल गाड्यांबरोबर कारखानेही थांबले. बाहेरून वीज आणणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या बंद पडल्या होत्या. वीज निर्माण होऊन भागत नाही, ती आणणारी वाहिनीही समर्थ लागते. माग किंवा लेथ चालविणाऱ्या आपल्या सर्वांचा रोजगार त्यावर अवलंबून आहे.

मनोऱ्यांवर बहुतेक ठिकाणी ‘एसीएसआर’ तार असते. तिच्या मधल्या पोलादी तारा वजन पेलतात, भोवतीचे ॲल्युमिनियम वीज वाहते. भार वाढला की तार तापते, लांबते आणि तिचा झोळ जमिनीकडे उतरतो. म्हणून आपल्याकडे तिचे तापमान साधारण ७५ ते ८५ अंशांपलीकडे जाऊ देत नाहीत.

नव्या तारांत गाभा बदलला आहे. कार्बन तंतूंचा गाभा उष्णतेने फारच कमी लांबतो. अशी तार १८० अंशांपर्यंत चालते. गाभा हलका असल्याने तेवढ्याच जाडीत व वजनात सुमारे २८ टक्के अधिक ॲल्युमिनियम बसते. लोखंड व निकेलच्या इन्व्हार मिश्रधातूचा गाभाही वापरतात. जुन्याच मनोऱ्यांवरून जवळजवळ दुप्पट वीज नेता येते, नवी जागा घ्यावी लागत नाही.

मग सर्वत्र हीच तार का नको? एक तर किंमत दोन-तीन पट, कधी त्याहूनही जास्त. कार्बनचा गाभा तीव्र वाकविल्यास तडकतो. शिकलेले कारागीर व खास जोड लागतात. शिवाय त्याच तारेतून दुप्पट प्रवाह नेला तर उष्णतेत जाणारी वीज चौपट होते. फार लांबच्या वाहिनीत तर तापण्याआधी विद्युतदाबाचीच अडचण येते.

तेव्हा आमच्या मते हिशेब सरळ आहे. वस्ती दाट, जागा महाग, वाहिनी आखूड आणि जुने मनोरे मजबूत असतील तेथे नवी तार परवडते. मोकळ्या माळावर नवी वाहिनी टाकायची असेल तर एसीएसआर किंवा मिश्र ॲल्युमिनियमची तार पुष्कळदा स्वस्त पडते.

हा खर्च शेवटी आपल्याच बिलात येतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोग दरवाढीपूर्वी जनसुनावणी घेतो. आपल्या व्यापारी संघटनांनी तेथे जाऊन केवळ दर नव्हे, कोणती तार आणि का, हेही विचारावे.